पुलावरची जागा

पुलावर गाड्या लागलेल्या असणार हे कौमुदीला ठाऊकच होतं. अख्ख्या वेळचेरीला ठाऊक असतं. वादळाची बातमी आली की इथली माणसं आधी दुधाच्या पिशव्या घेतात, मग मेणबत्त्या, आणि मग आपापली गाडी उड्डाणपुलावर चढवून पायी घरी येतात. कारण खालच्या गल्ल्यांत पाणी माणसाच्या आधी गाडीला गाठतं. पोलीस थोडा वेळ शिट्ट्या फुंकतात, मग दमून ‘निदान बससाठी तरी वाट सोडा’ एवढ्यावर येतात. वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार म्हणून बँकेने दुपारीच शटर ओढलं होतं, आणि मैलापूरहून मिळाली ती लोकल, स्टेशनावर मिळाली ती ऑटो, असं करत कौमुदी पुलावरून घरी चालली होती. ऑटोच्या प्लास्टिकच्या पडद्याच्या फटीतून तिला गल्लीतली सगळी माणसं रांगेने दिसत गेली. माणसं नव्हे, गाड्याच. पण अकरा वर्षं एका गल्लीत काढल्यावर गाडी आणि माणूस यांत फारसा फरक उरत नाही. दातांच्या डॉक्टरची पांढरीशुभ्र, पुढे लिंबू-मिरची लटकवलेली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची, जी तो जन्मात धूत नाही आणि आज आयती धुऊन निघणार होती. वरच्या मजल्यावरच्या पुरुषोत्तमरावांची जुनी करडी, तिच्यावर ठिगळं लावलेलं आवरण, आवरणाला चारी बाजूंनी काथ्याची दोरी; गाडी नव्हे, दादरा बांधलेली लोणच्याची बरणीच. त्या करड्या गाडीशेजारी एक गाडी मावेल एवढी जागा रिकामी होती, आणि त्या जागेत एक पिवळी बादली पालथी घालून तिच्यावर वीट ठेवली होती. ऑटो पुढे गेली. कौमुदी मान वळवून बघत राहिली. बादलीच्या बुडाशी तपकिरी चट्टा होता, पाणी तापवायच्या रॉडने भाजलेला. तो चट्टा तिच्याच हातून पडला होता. बादली तिची होती.

ऑटोवाला काहीतरी म्हणाला, बहुधा पावसाबद्दल. तिने नुसतं ‘आमा, आमा’ म्हणत होला हो केलं. कानात दडे बसले होते. हवेचा दाब उतरला की असं होतं म्हणे. पण तिला वाटलं, हा दडा सकाळपासूनचा आहे आणि त्याचा हवेशी काही संबंध नाही. बादली. तीन वर्षांपूर्वी वरच्यांच्या न्हाणीघरातून हिच्या न्हाणीघरात पाणी गळायला लागलं तेव्हा ही बादली त्या धारेखाली महिनाभर होती. वर जाऊन सांगावं तर पुरुषोत्तमरावांच्या पत्नी, विजयालक्ष्मी मामी, हसून म्हणायच्या, “प्लंबर येतों म्हणाला आहे, पाहूं.” त्यांचं ते तंजावरकडचं मराठी, शेकडो वर्षं डब्यात घालून ठेवलेलं आणि अजून न नासलेलं. पण त्या ‘पाहूं’मधल्या अनुस्वारातून काही प्लंबर आला नाही. शेवटी एका सकाळी बँकेत जाताना कौमुदीने काठोकाठ भरलेली बादली उचलली, जिना चढली आणि वरच्यांच्या उंबऱ्याबाहेर, नुकत्याच घातलेल्या कोलमच्या, पिठाच्या रांगोळीच्या, मधोमध नेऊन ठेवली. एक शब्द बोलली नाही. पाणी हिंदकळून पांढऱ्या रेघा फुटल्या, कमळाच्या पाकळ्या जिन्यावरून ओघळल्या. त्याच आठवड्यात गळती थांबली. बादली मात्र परत आली नाही, आणि मागायला जाईल ती कौमुदी कसली? तेव्हापासून दर नवरात्रात मामी कुंकवाचा करंडा घेऊन खाली यायच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला या म्हणून रीतसर बोलावणं करायच्या. आणि दर नवरात्रात कौमुदीच्या बँकेत ऑडिट तरी निघायचं नाहीतर तिच्या अंगात कणकण तरी भरायची. तिच्या मनात याचा चोख हिशेब होता. गळती बंद केली, ती त्यांची जमा. चूक झाली म्हणाल्या नाहीत, ते त्यांच्याकडे बाकी. लेक देविका रोज संध्याकाळी वर जाऊन डोसे खाते, ते पोराबाळांचं खाणं, कुठल्याच बाजूला धरायचं नाही. आणि आता हे: माझ्याच बादलीने पुलावर जागा अडवायची, स्वतःच्या बंगलोरच्या लेकाची गाडी येणार असेल त्याच्यासाठी. चोरावर मोर!

गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा पावलं बुडतील एवढं पाणी होतंच. फाटकाच्या आत कौमुदीच्या घरची लाल गाडी एकटी उभी होती. टपावर बदामाची मोठाली ओली पानं चिकटलेली. अख्ख्या गल्लीत ही एकच चाकं जमिनीवर. कौमुदीने तिच्याकडे पाहायचं टाळलं. जेवायला थांबा असं न म्हणता बसवून ठेवलेल्या पाहुण्याकडे बघू नये तसं. किल्ली पर्समध्ये होती. सकाळपासून तीच किल्ली मैलापूरला जाऊन आली होती. नवऱ्याचा, उमाकांतचा, पहिला निरोप पहाटेच आला होता, कंपनीच्या बसमधून, मागे कोणीतरी खोकत असताना: “गाडी तेवढी पुलावर नेऊन लाव. रिव्हर्स जमेल ना? नाहीतर पुरुषोत्तमरावांना सांग.” रिव्हर्स जमेल ना! बँकेचं कॅश काउंटर सांभाळणाऱ्या बाईला. त्यानंतर दिवसभर निरोपांची रांग: बॅटरी वर उचल, सिलिंडर बंद करून ओट्यावर ठेव, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला चिकटपट्टी लाव, कागदपत्रं वरच्या कपाटात, आईच्या गोळ्या पिशवीत. उंटावरून शेळ्या हाकायला माणूस पाठवायचा तर इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्याने अगदी निवडून पाठवला होता. उमाकांत तिथल्या आपत्ती समितीचा प्रमुख. गाड्यांचे ब्रेक घडवणाऱ्या त्या कारखान्यात वादळाची वार्ता आली की यंत्रांच्या मोटारी ओट्यावर चढतात, मोऱ्यांना बोळे बसतात, पंप हजेरीला उभे राहतात. मागच्या मोठ्या वादळात तिथलं एकही यंत्र भिजलं नाही म्हणून त्याला काचेची पाटी मिळाली होती. ती पाटी बैठकीच्या खोलीत होती. तिच्या खाली, भिंतीवर, मागच्याच वादळातल्या पाण्याची रेघ होती. दोनदा रंग दिला तरी ओल आली की उमटणारी. पाटी आणि रेघ यांच्यात हातभर अंतर. पाहुणे आले की उमाकांत पाटीकडे बोट करायचा आणि कौमुदी, बोट न करता, रेघेकडे बघायची.

“आला का?” दार उघडताच सासूबाईंनी विचारलं.

विद्युल्लताबाई वेताच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी: गोळ्या, जपमाळ, चष्म्याचं घर, एक लुगडं. पायांत घरातल्या सपाता. सगळी तयारी होती आणि एकही पाऊल उचललेलं नव्हतं.

“आई, बस चारला सुटणार त्याची. आत्ता कुठे? चला, तोवर वर तरी जाऊन बसू. गुडघे आहेत तुमचे, अंधारात जिना चढवणार कोण तुम्हाला?”

“वर? आणि ते कुणाच्या बोलावण्यावर?”

“वादळाला बोलावणं लागतं का आई?”

“वादळाला नसेल लागत. मला लागतं.” सासूबाईंनी पिशवीचे बंद पुन्हा आवळले. “बोलावल्यावाचून मी कुणाच्या उंबऱ्यावर गेले नाही. आणि तू जशी बादली ठेवून आलीस ना, त्यानंतर कोण बोलावणार? उमाकांत येऊ दे. तो म्हणेल तसं.”

बादली तर तिचीच होती. कौमुदीने पदर खोचला आणि कामाला लागली. इन्व्हर्टरची बॅटरी उचलता उचलेना, म्हणून फरफटत नेऊन स्टुलावर घातली. कमरेत काहीतरी लचकलं. सिलिंडर ओट्यावर. फ्रिजखाली विटा, एका बाजूने वर करून एक, दुसऱ्या बाजूने एक. फ्रिज तिच्या अंगावर रेलला तेव्हा त्याच्या पाठीची घरघर तिच्या छातीतून गेली आणि क्षणभर तिला ते बरंही वाटलं, कुणीतरी टेकलंय. न्हाणीघरात तिने वाळूची पोती ओढून मोरीच्या भोकावर आणि कमोडवर दाबली, कारण इथलं पाणी दारातून सभ्यपणे येत नाही, ते आधी खालून येतं. मागच्या वेळी तसंच आलं होतं. बसल्या बसल्या मोरीने एक ढेकर दिली आणि मग काळं, कोमट पाणी खोल्यांतून हिंडायला लागलं, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं. तेव्हा देविकाला मांडीवर घेऊन ती आणि सासूबाई जेवणाच्या टेबलावर बसल्या होत्या. त्या टेबलावरून तिने भाताचं पातेलं तरंगत दिवाणखान्यात जाताना पाहिलं होतं. उमाकांत तेव्हाही कारखान्यात. तो आला दुसऱ्या दिवशी दुपारी, डोक्यावर दुधाच्या पिशव्या घेऊन, चिखलाने माखलेला, हसणारा. आणि दारात त्याला बघून सासूबाई टेबलावरूनच अशा रडल्या की कौमुदीला रडायला जागाच उरली नाही. वास्तविक तो आला तेव्हा पाणी पोटरीला लागत होतं. पण सासूबाईंच्या सांगण्यात ते पहिल्या वर्षी कमरेला लागलं, पुढच्या वर्षी छातीला, आणि अलीकडे मिरजेच्या लेकीला, कौमुदीच्या नणंदेला, फोनवर सांगताना तर ‘माझा उमाकांत गळ्याएवढ्या पाण्यातून आला गं’ असं झालं होतं. वादळ गेलं तरी गोष्टीतलं पाणी चढतच होतं. टेबलावर मुलीला आणि म्हातारीला धरून रात्र काढणारी जी कोणी बाई होती, ती त्या पाण्याखाली केव्हाच गेली.

वाऱ्याचा आवाज बदलला. मघापर्यंत तो झाडांत होता, आता तारांत शिरला. कुणीतरी दात आवळून गुणगुणावं तसा. टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावायला ती अंगणात वाकली तर पट्टी ओल्या लोखंडाला धरेना. लावावी आणि निघावी, लावावी आणि निघावी. तिला एकदम इतका संताप आला की ती पट्टीच तिने दाताने फाडून भिरकावली. तोंडात डिंकाची आणि गंजाची चव. चार वाजून गेले होते. फोन गप्प होता. सबंध दिवस पोपटासारखा बोलणारा माणूस बस सुटायच्या वेळी गप्प होतो, याचा अर्थ लग्नाच्या पहिल्या वर्षीच तिला कळला होता. तरी ती दरवेळी फाटकाकडे बघायची ती बघायचीच.

जिन्यावरून देविका उतरली, ओठांवर ताक. वरच्या मामी तिच्या पाट्टी आणि पुरुषोत्तमराव तात्ता; आजी म्हणजे मात्र खालचीच. “अम्मा, डांगर पच्चडी केलीय पाट्टीनी. सुपर आहे. तू येतेस ना वर? पाट्टी विचारतेय, अजून किती वेळ.”

“पाट्टी कशाला विचारेल?”

“अय्यो, सकाळपासून विचारतेय. दोनदा खाली येऊन गेली ती, तू बँकेत होतीस तेव्हा. आजीला बोलली, वांगो, या ना, खाट घातलीय. आजी बोलली, माझा मुलगा येतोय, तो आला की बघू. सेकंड टाइम पण सेम.” देविकाने बोट चाटलं. “आणि तात्तांनी पुलावर आपल्या कारला जागा पण धरलीय. पहाटे गेले ना ते, तेव्हाच. बादली ठेवून. आजीला सांगितलेलं तुला सांगायला.”

कौमुदीचे हात चिकटपट्टीच्या रिळावर तसेच राहिले. पुरुषोत्तमराव पहाटे गाडी काढत होते तेव्हा ती जागीच होती. गाडीला गियर पडेना, तो कर्र आवाज तिने अंथरुणात पडून ऐकला होता. शेजारी उमाकांतची बाजू रिकामी आणि अजून जराशी उबदार. तिच्या मनात आलं होतं, उठावं, आपलीही त्यांच्या मागोमाग नेऊन लावावी. आणि मग ती उठली नव्हती.

ती आत गेली. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नजर जपमाळेकडे वळवली.

“आई, मामी बोलवायला आल्या होत्या. दोनदा.”

“आल्या असतील.”

“असतील म्हणजे? बोलावणं नाही म्हणून बसून राहिलात ना तुम्ही? मी इथे मरमर मरतेय, कंबर मोडून घेतली, आणि तुम्ही...”

“ओरडू नकोस. ऐकू येतं मला.” सासूबाईंनी पिशवी मांडीवर सरळ केली, मूल सरळ करावं तशी. तिचे बंद एकदा सोडून पुन्हा बांधले. मग दाराकडे बघतच म्हणाल्या, “वर गेले की तो यायचा नाही.”

“काय?”

“मी ओळखत नाही का त्याला? पोटचा आहे माझ्या. आई वर सुखरूप आहे म्हटलं की तो तिकडच्या त्या यंत्रांना कवटाळून बसेल. मागच्या खेपेला आला तो का आला? आम्ही पाण्यात होतो म्हणून आला.” त्यांनी हनुवटी वर केली. “खाली बसले की झक मारत येईल.”

एरवी कौमुदीने याला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. सासूबाईंचे डाव ती पत्ते पाहिल्यासारखे ओळखायची. दुखणारा गुडघा नेमका नणंदेच्या फोनच्या वेळी दुखतो, उपास नेमका तिच्या सुट्टीच्या दिवशी येतो. सगळं तिच्या मनात टिपलेलं होतं. आज ती नुसती वळली. पर्सच्या आत हात घालून तिने किल्ली काढली आणि छत्री न घेता बाहेर पडली. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. अजून पंधरावीस मिनिटं चाकं चालली असती. गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं आणि एकाएकी सगळं गप्प झालं. वारा, तारा, पाऊस, सगळं काचेच्या पलीकडे, दुसऱ्या कुणाचं तरी. आत उमाकांतचा वास होता: डोक्याच्या तेलाचा, कारखान्याच्या जाड साबणाचा, मागच्या सीटखाली विसरलेल्या केळ्याचा. तिने गाडी सुरू केली. वायपर हलायला लागले. समोर फाटक, फाटकापलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला पूल, आणि पुलावर विटेखाली दबून बसलेली तिची बादली. फक्त रिव्हर्स. एकदा मागे घ्यायची, वळवायची, झालं. हात गियरवर होता. वायपर इकडून तिकडे जात होता, आणि त्याच्या प्रत्येक खेपेला तिला स्वच्छ दिसत होतं की पहाटे ती का उठली नव्हती. एवढं एक तरी त्याने येऊन करावं. सगळं मी उचललं, सगळं मी झाकलं, ही एक गाडी त्याच्यासाठी ठेवली. आई नाही, बायको नाही, गाडीसाठी तरी येईल. दर रविवारी तासभर पुसतो तिला. खुर्चीतली ती म्हातारी आणि आपण, दोघी एकाच धंद्यात, एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून, आणि दोघींनी दुकान मांडून दिवसभर एकमेकींना पत्ता लागू दिला नाही.

फोन वाजला. “कौमू,” उमाकांत म्हणाला. मागे पंपांची धडधड. आवाज इतका मऊ होता की पुढचं ऐकायची गरजच नव्हती. “अगं, बस रद्द केली. मेन रोडला पाणी आलंय. आणि साहेब म्हणाले, तुम्ही असाल तर बरं... मी नाही म्हणू शकलो नाही. समजून घे ना. इथे सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.”

“हं.”

“बॅटरी उचललीस?”

“हो.”

“सिलिंडर?”

“हो.”

“गाडी? पुलावर लावलीस ना?”

वायपर एकदा इकडे आला, एकदा तिकडे गेला.

“लावली,” कौमुदी म्हणाली.

“वा! रिव्हर्स जमला म्हणजे.” तो हसला, खरंच मनापासून हसला, तिच्यासाठी आनंद झाल्यासारखा. “मी म्हणत नव्हतो? उगाच घाबरतेस तू.”

तिने गाडी बंद केली. उतरली. दार लावलं, किल्लीने कुलूप लावलं, हँडल ओढून बघितलं, जसं तो बघतो तसं. लावली म्हटल्यावर लावलीच. मग फोन तसाच चालू ठेवून पाण्यातून घरात आली आणि सासूबाईंच्या कानाला लावला. “घ्या. त्याच्याच तोंडून ऐका.”

सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा काही सांगेना. फक्त मांडीवरच्या पिशवीवरचा हात सैल पडला. “बरं बाळा,” त्या म्हणाल्या. “जेवलास का? डोकं भिजवू नकोस.” फोन परत दिला आणि खुर्चीचे हात धरून, कुणी न सांगता, उठून उभ्या राहिल्या. त्याच वेळी न्हाणीघरातून मोरीची ती ओळखीची ढेकर ऐकू आली आणि वीज गेली.

जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. एक पायरी, मग दोघींचा श्वास, मग दुसरी. सासूबाईंचं वजन तिच्या खांद्यावर होतं. नुसतं वजन, त्यात आज कुरकुर नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त वाटलं. वळणावर विजयालक्ष्मी मामी चार्जिंगचा दिवा धरून उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. नाकातल्या दोन्ही मोरण्या त्या उजेडात चमकत होत्या.

“या हो, या. किती वाट पाहविली! सकाळपासून खाट घालून ठेविली आहे. बैसा ऐसें.” मग कौमुदीकडे वळून, “तू चिंब झालीस की गे. पहिलें डोकें पूस.”

टॉवेल दिला. उंबऱ्यात पाऊल टाकताना कौमुदीने सवयीने खाली बघितलं. वादळाच्या दिवशीसुद्धा कोलम होता. लहानसा, चार रेघांचा. ती त्याला वळसा घालून आत गेली. आत रसमचा वास, हिंगाचा, आणि कपाटाच्या वर, पाण्यापासून दूर, खोक्यांत बांधून ठेवलेल्या कोलूच्या बाहुल्या. पुरुषोत्तमराव लुंगी सावरत पुढे आले.

“पुलावर लावली का गाडी? मी दोन वेळ भांडलों हो त्या जागेसाठी. एक व्हॅनवाला वीट काढून बाजूस ठेवूं लागला. मी म्हटलें, एन्नप्पा, बादली कोणाची आहे ठाऊक आहे का? आमच्या खालच्या मॅडमची. त्या फार कडक आहेत. पळाला!” ते स्वतःच खूश होऊन हसले. “अजून जागा तशीच असेल. बादलीस कोणी हात लावणार नाही.”

“हो,” कौमुदी म्हणाली. “बघितली मी.” टॉवेल तिने तोंडावर जरा जास्त वेळ धरून ठेवला.

सासूबाई खाटेवर टेकल्या होत्या. मामींनी पाटांसमोर ताटं मांडली, मेणबत्ती लावली. बाहेर आता उरलासुरला उजेड काळवंडत होता. खिडकीच्या काचांवर पाऊस मुठीने फेकल्यासारखा आदळत होता. देविका फोनवर कुणा हवामानवाल्याचं बोलणं ऐकत होती: अजून किनाऱ्याला लागायचं आहे, अजून लागायचं आहे. आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

दोनदा. आखूड. उमाकांत फाटकाशी आला की वाजवतो तसाच.

“आला,” सासूबाई म्हणाल्या. झटक्याने पाय खाली सोडून बसल्या. चेहरा असा उजळला की मेणबत्ती फिकी पडावी. “आला बघ! म्हटलं नव्हतं? यायचा असला की आधी नाही म्हणतो तो. लहानपणापासून तसाच आहे.”

कौमुदी गॅलरीच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही, काचेला कपाळ लावून बघितलं. खाली पाणी चाकांच्या वर, दारांच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. लाल गाडी आपल्या जागेवरून जराशी तिरकी झाली होती. तिचे चारी कोपऱ्यांतले दिवे एकदम लागत होते, एकदम विझत होते, आणि पाण्यात तेच दिवे उलटे लागत-विझत होते. आत कोणी नव्हतं, पाणीच तारांत शिरलं होतं. हॉर्न परत वाजला, या वेळी लांब, न थांबता.

“दार उघड गं त्याला कुणीतरी,” सासूबाई म्हणाल्या. “भिजतोय तो.”

पुरुषोत्तमराव तिच्या खांद्यावरून डोकावले. त्यांनी गाडी पाहिली. मग कौमुदीकडे पाहिलं, आणि हळूच मागे सरले. मामींनी मात्र कपाटातून आणखी एक ताट काढलं होतं. त्या ते पदराने पुसत होत्या.

“त्यांचें ताट वाढूं का?” त्यांनी विचारलं.

हॉर्न वाजतच होता. मध्येच त्याचा आवाज घोगरा झाला, पाणी प्यायल्यासारखा.

“वाढा,” कौमुदी म्हणाली.

मामींनी भात वाढला, रसम वाढलं, बाजूला डांगर पच्चडी घातली. कौमुदी काचेपासून वळली, येऊन त्या ताटावर बसली, आणि सगळ्यांच्या देखत भात कालवायला लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, रसम तिखट होतं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग बंद दाराकडे, मग परत तिच्याकडे. खाली हॉर्न दमत दमत गेला आणि एकदाचा बंद पडला.

“मामी,” कौमुदी म्हणाली, “थोडी पच्चडी अजून. आणि आईंनाही वाढा. त्या आता थांबायच्या नाहीत.”